गिरणी कामगार युनियन, मुंबई

मुंबईतील कापड गिरण्यांमधील कामगारांची एक प्रमुख संघटना. तिच्या झेंड्यावरून ती ‘लाल बावटा’ या नावानेही ओळखली जाते. १९२८ चा सार्वत्रिक संप चालू असतानाच २२ मे १९२८ रोजी तिची स्थापना झाली. संघटना आधी व संप नंतर असा क्रम सर्वसामान्यपणे अपेक्षित असतो. येथे तो उलट होता. हिंदुस्थानातील कामगार चळवळीत उद्योगव्यापी व गिरणीगणिक समित्यांवर उभारलेली संघटना म्हणून तिला महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी : कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे कापड गिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली व १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात परळ, लालबाग, शिवडी, वरळी, भायखळा या परिसरात गिरण्यांचे दाट जाळे पसरले व त्यास ‘गिरणगाव’ असे नाव पडले. कामगार प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून व घाटावरील सातारा, पुणे, अहमदनगर या भागांतून येत. पुढे उत्तर हिंदुस्थानातून आलेल्यांचीही त्यांत भर पडली. गावाकडील शेतीशी त्यांचे नाते तुटलेले नव्हते. कुटुंब गावी ठेवून पुरुषाने एकट्याने मुंबईत राहावे, चाळीच्या एका खोलीत दहा-पंधरा जणांनी पाळ्यापाळ्यांनी झोपावे, खाणावळीत जेवावे व पगारातून गावी मनीऑर्डर करावी, असा सर्वसाधारण परिपाठ होता. गाव हा कामगाराचा दुबळेपणा आहे, असे मालक व अधिकारी दीर्घकाळ मानीत असत. तथापि लांबलेल्या संपांत याच गावाने त्याला तगविले, हे पुढील इतिहासावरून स्पष्ट होते.

नोकरी मिळण्याचे दार जॉबरच्या हाती असे. खात्यातील माणसे भरणे, काढणे, रजा देणे हे त्याच्या मर्जीवर अवलंबून असे व त्यासाठी त्याला ‘दस्तुरी’ द्यावी लागे. कायम कामगारांखेरीज बदली कामगारांचा मोठा ताफा रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा असे. पगार महिना उलटून गेल्यावर बऱ्याच दिवसांनी होई, त्यामुळे किराणा दुकानदार व पठाण सावकार यांचे देणे कामगाराच्या पाठीशी कायम लागलेले असे. दंडाच्या प्रकारांत विणकरांना विशेष जाचणारा एक प्रकार म्हणजे बिघडलेले कापड त्यांच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापून घेणे हा होय.

आरंभीचे प्रयत्न : गिरणी कामगारांना एकत्र आणण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न नारायण मेघाजी लोखंडे (१८४८ – ९ फेब्रुवारी १८९७) यांनी केला. ते महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी व सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. मांडवी येथील एका गिरणीत त्यांनी भांडारपालाचे काम केले होते, त्यामुळे गिरणीतील स्थिती त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली होती. १८८० मध्ये ‘दीनबंधू’ हे पत्र त्यांनी आपल्या हाती घेतले व मुंबईतून चालविले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी भरविलेल्या सभांतून सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि अपघातात जखमी झालेल्यास भरपाई, अशा त्यातील मागण्या होत्या. याच सुमारास ‘बाँबे मिल हँड्स असोसिएशन’ अस्तित्वात आली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली व तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली.

लोखंडे यांच्या संस्थेला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता व लेखी नियमही नव्हते. म्हणून ती खऱ्या अर्थाने कामगार संघटना नव्हती, असा आक्षेप नंतरच्या अभ्यासकांनी घेतला आहे. तो तांत्रिक दृष्ट्या बरोबर आहे. परंतु ज्या काळी कामगाराचे गाऱ्हाणे मांडणे हे परोपकारी सरदार-शेट्यांचे काम समजले जाई, त्या काळी कामगारांनी स्वतः सभेत उभे राहून बोलावे ही प्रथा लोखंडे यांनी पाडली, हे त्यांचे खरे कार्य होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी सी. के. बोले यांची कामगार हितवर्धक सभा (१९०९) व ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग (१९११) या संस्था वस्तीत काम करू लागल्या. त्यांचा भर शिक्षण, वाचनालये, पतपेढ्या, दारूबंदी यांवर होता. याच सुमारास कामगारांनी आपले राजकीय भान एका वेगळ्या रीतीने प्रकट केले. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. या संपाची नोंद दूर युरोपात लेनिन यानेही घेतली होती. १९१९ च्या जानेवारीतील संपात एक लाखाहून अधिक कामगार सामील झाले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईतच लाला लजपत राय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले.

१९२४ च्या आरंभी बोनसासाठी झालेला संप फसला. १९२५ मध्ये मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, तेव्हा मात्र सप्टेंबरपासून सुमारे अडीच महिने गिरण्या बंद राहिल्या. सरकारने देशी कापडावरील साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर डिसेंबरात स्थगित केल्यावर कपात मागे घेण्यात आली. हे दोन्ही संप घडले तेव्हा कामगारांची म्हणावी अशी संघटना नव्हती. १९२३ मध्ये कामगारांनी स्वतःच काढलेले गिरणी कामगार महामंडळ काही गिरण्यांपुरतेच होते. १ जानेवारी १९२६ रोजी ना. म. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली बाँबे टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन झाली. तिची कार्यपद्धती सनदशीर व सावध होती. त्याच वर्षी कामगार संघटनांचा कायदा संमत झाला व नोंदलेल्या संघटनांना कायदेशीर अस्तित्व प्राप्त झाले.

१९२८ चा संप : जपानी कापडाची स्पर्धा, एक शिलिंग सहा पेन्स हा ठरविण्यात आलेला रुपयाचा चढा विनिमय दर व मालाला उठाव नसणे, या कारणांनी मुंबईच्या गिरण्या अडचणीत आल्या होत्या. उत्पादनखर्च कमी करण्यासाठी काही गिरण्यांनी, विशेषतः ससून समूहाच्या गिरण्यांनी, १९२८ च्या आरंभी नवी कामाची पद्धत आणली. दोन मागांऐवजी तीन माग एका विणकराने सांभाळावेत व कताई खात्यात एकाने साच्याच्या दोन्ही बाजू पाहाव्यात, असा तिचा आशय होता. मालकांच्या भाषेत ही ‘कार्यक्षमता’ होती. कामगारांच्या दृष्टीने तिचा अर्थ एवढाच होता की, तिघांपैकी एकाला घरी बसावे लागणार व उरलेल्या दोघांना पगारात मिळणाऱ्या वाढीपेक्षा अधिक राबावे लागणार. याच वेळी नंबर बदललेल्या सुताचे व कापडाचे दर बदलल्यामुळे उक्त्या कामावरील मजुरीही घटली होती.

एप्रिलमध्ये तुटक संपांना आरंभ झाला व २६ एप्रिल १९२८ पासून मुंबईतील बहुतेक सर्व गिरण्या बंद पडल्या. सुमारे दीड लाख कामगार संपात होते. आरंभी जोशी यांचा गट सार्वत्रिक संपाला अनुकूल नव्हता. परंतु संप झाला आहे हे दिसताच त्यांनी त्यापासून अंग काढून घेतले नाही, ही गोष्ट नमूद केली पाहिजे. मे महिन्यात दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी घेऊन संयुक्त संप समिती बनविण्यात आली व तिने सतरा मागण्यांचा मसुदा मालकांपुढे ठेवला. मजुरी व कामाच्या पद्धतीत संघटनेशी विचारविनिमय केल्याशिवाय बदल करू नये, बिघडलेले कापड विणकरांच्या माथी मारण्याची प्रथा बंद करावी, संपात भाग घेतला म्हणून कोणास कामावरून काढू नये, या त्यांतील ठळक मागण्या होत.

संप चालू असतानाच महामंडळातील फुटीनंतर अर्जुन आत्माराम आळवे व त्यांचे सहकारी कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या जवळ आले आणि गिरणी कामगार युनियनची स्थापना झाली. आळवे हे अध्यक्ष व श्रीपाद अमृत डांगे हे सरचिटणीस झाले. स. वि. घाटे, के. एन. जोगळेकर, आर. एस. निंबकर, एस. एस. मिरजकर व इंग्रज कार्यकर्ता बेन ब्रॅडले ही मंडळी तिच्या कामात अग्रभागी होती. नोंदणीच्या वेळी सभासद तीनशेंच्या घरात होते. डिसेंबर १९२८ पर्यंत ही संख्या ५४,००० झाली. जगातील कामगार चळवळीतही इतक्या अल्पकाळात अशी वाढ क्वचितच आढळते.

पाच महिन्यांहून अधिक काळ संप टिकला, याची कारणे भाषणांपेक्षा व्यवस्थेत शोधली पाहिजेत. पावसाळ्याच्या तोंडावर हजारो कामगार बोटीने कोकणात व रेल्वेने घाटावर गेले व पेरणीच्या कामाला लागले, त्यामुळे मुंबईत पोसावयाची तोंडे कमी झाली. मागे राहिलेल्यांना समितीतर्फे केंद्रे उघडून धान्य वाटण्यात आले. रशियातील कापड कामगारांकडून आलेल्या मदतीवर सरकारने बरीच आरडाओरड केली, पण संप मुख्यतः चाळीतील उधारीवर चालला, असेच म्हणावे लागेल. खाणावळवाल्या बायका, वाणी व घरमालक यांनी थकबाकी सोसली नसती, तर तो जूनमध्येच संपला असता. रोज सकाळी नागू सयाजीची वाडी, दामोदर हॉलचे आवार अशा ठिकाणी सभा होत व त्यांत वाटाघाटींचा वृत्तांत कामगारांना मराठीत सांगितला जाई. कामगार आणि कार्यकर्ते यांच्यात जो विश्वास निर्माण झाला त्याचे मूळ या दैनंदिन हिशेबात होते.

ऑक्टोबरच्या आरंभी तडजोड झाली व ६ ऑक्टोबर १९२८ रोजी गिरण्या पुन्हा सुरू झाल्या. वादाचे मुद्दे सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपविण्यात आले. या एका संपात सव्वादोन कोटींच्या आसपास श्रमदिवस वाया गेले. संपानंतर युनियनने प्रत्येक गिरणीत खातेवार प्रतिनिधी निवडून गिरणी समित्या स्थापन केल्या. खात्यातील किरकोळ तक्रारी या समित्या जागच्या जागी सोडवीत असल्यामुळे जॉबरच्या सत्तेला प्रथमच पर्याय उभा राहिला. मालकांना युनियनच्या राजकीय विचारांपेक्षा या समित्यांचीच धास्ती अधिक वाटत असावी.

विणाई खाते व अस्पृश्य कामगार : युनियनच्या इतिहासातील एक प्रश्न तिच्या स्वतःच्या सभासदांमधून उद्भवला होता. गिरणीत सर्वांत अधिक मजुरी विणाई खात्यात मिळे, पण त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे. धोट्याच्या भोकातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते व धोटा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो, त्यामुळे विटाळ होतो, असे कारण स्पृश्य विणकर देत असत. परिणामी अस्पृश्य कामगार कताई व इतर कमी मजुरीच्या खात्यांतच अडकून पडत. डॉ. भीमराव आंबेडकर यांनी हा प्रश्न १९२८ च्या संपात उपस्थित केला. सर्व खाती अस्पृश्यांना खुली व्हावीत ही मागणी समितीने आपल्या मागण्यांत घेतली नाही, तर अस्पृश्य कामगारांना संपापासून दूर राहण्याचा सल्ला देऊ, असे त्यांनी बजाविले. समितीने ही मागणी अखेर स्वीकारली, पण राजीखुशीने नव्हे. मालकांनाही हे हत्यार आयतेच मिळाले; तुमच्यातच समता नाही, तर ती आमच्याकडे कसली मागता, असा त्यांचा प्रश्न होता व त्याला समितीजवळ चांगले उत्तर नव्हते. विणाई खात्यातील ही बंदी पुढेही बरीच वर्षे टिकून राहिली. वर्गाची एकजूट हे युनियनचे ध्येयवाक्य होते. एका धोट्याने त्या एकजुटीची मर्यादा दाखवून दिली.

१९२९ च्या दुसऱ्या संपाला डॉ. आंबेडकरांनी उघड विरोध केला. तथापि पुढे मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले, तेव्हा त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष (स्थापना १९३६) व कम्युनिस्ट हे दोघेही ७ नोव्हेंबर १९३८ च्या एकदिवसीय संपात एकत्र आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाड येथे भरलेल्या अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, अशी मांडणी त्यांनी केली होती.

नेते : डांगे (१० ऑक्टोबर १८९९ – २२ मे १९९१) यांचा जन्म नासिक जिल्ह्यातील करंजगावचा. १९२१ मध्ये त्यांनी ‘गांधी व्हर्सेस लेनिन’ ही पुस्तिका लिहिली व १९२२ मध्ये ‘सोशलिस्ट’ हे पत्र काढले. कानपूर कटाच्या खटल्यात त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली व १९२७ मध्ये ते सुटले. त्यांचे मराठी वक्तृत्व बाजारहाटाच्या भाषेतील, उपहासाने भरलेले व आकडेवारीने सज्ज असे. मालकांचे ताळेबंद कामगारांना समजतील अशा रीतीने सोडवून सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. आळवे हे कोकणातील शेतकरी कुटुंबातून आलेले विणकर. शिकलेल्या कार्यकर्त्यांच्या मांदियाळीत कामगारांना आपला वाटणारा माणूस अध्यक्षस्थानी असणे, ही युनियनची मोठी जमेची बाजू होती. ना. म. जोशी (१८७९–१९५५) हे युनियनचे नेते नव्हेत, किंबहुना तिचे प्रतिस्पर्धी. परंतु आयुष्यभर कोणत्याही पक्षाच्या आहारी न जाता त्यांनी विधिमंडळात व आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत कामगारांची बाजू मांडली. मीरत खटल्यातील आरोपींच्या बचावासाठीही ते झटले. गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे पंचमांश स्त्रिया होत्या व त्या मुख्यतः वाइंडिंग व रीलिंग खात्यांत काम करीत. त्यांच्यात उषाताई डांगे व पार्वतीबाई भोर यांनी संघटन केले. उषाताईंचे ‘पण ऐकतं कोण?’ हे आत्मकथन त्या काळाचे चित्र स्त्रीच्या बाजूने दाखविते.

मीरत खटला व उतरती कळा : २० मार्च १९२९ रोजी सरकारने देशभर धाडी घालून डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर, ब्रॅडले, आळवे प्रभृतींना अटक केली व मीरत येथे कटाचा खटला भरला. निकाल जानेवारी १९३३ मध्ये लागला. डांगे यांना बारा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अपिलात ती तीन वर्षांवर आली. जवळजवळ सर्व अनुभवी नेते एकाच दिवशी गेल्यामुळे युनियन पोरकी झाली. फेब्रुवारी १९२९ मधील जातीय दंगलीने वस्तीतील वातावरण आधीच बिघडले होते. अशा स्थितीत २६ एप्रिल १९२९ रोजी पुकारलेला दुसरा सार्वत्रिक संप ही गंभीर चूक ठरली. गावी साठवलेले धान्य मागच्याच वर्षी संपले होते व कर्ज फिटले नव्हते. चौकशी न्यायालयाने संपाचा दोष युनियनवर ठेवला, संप मोडला आणि सभासदसंख्या वर्षाअखेर जवळजवळ शून्यावर आली.

१९३४ च्या सार्वत्रिक संपानंतर सरकारने कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली व त्याच वर्षीच्या कायद्याने सरकारी कामगार अधिकाऱ्याचे पद निर्माण केले. १९४० मधील महागाई भत्त्याचा संप चाळीस दिवस चालला. तो संपला तेव्हा मागणी पूर्णपणे मान्य झाली नव्हती. तरी महागाई भत्ता हा कामगाराच्या वेतनाचा भाग होय, हे तत्त्व युद्धकाळात रुजले. २२ फेब्रुवारी १९४६ रोजी नाविक दलातील बंडाला पाठिंबा म्हणून गिरणगाव बंद राहिले. त्या दिवशीच्या गोळीबारात परळ येथे कमल दोंदे या कार्यकर्तीचा अंत झाला.

जमशेटपूरचे उदाहरण : १९२८ हेच वर्ष हिंदुस्थानातील पोलाद कामगारांनाही महत्त्वाचे ठरले, आणि तेथील संघटनेशी तुलना केल्यास मुंबईचे वेगळेपण ध्यानी येते. टाटा आयर्न अँड स्टील कंपनी ही १९०७ मध्ये मुंबईत नोंदलेली, पण तिचा कारखाना तेव्हाच्या बिहारात. १९२० च्या संपात तेथे जमशेटपूर लेबर असोसिएशन निघाली. १९२८ मध्ये तेथे संप व टाळेबंदी झाली, तेव्हा सुभाषचंद्र बोस यांनी नेतृत्व स्वीकारून सप्टेंबरात तडजोड घडवून आणली. ती अमान्य करून माणेक होमी यांनी वेगळी संघटना काढली. १९३७ मध्ये अब्दुल बारी यांच्या अध्यक्षतेखाली मूळ संस्थेचे नाव टाटा वर्कर्स युनियन असे झाले. बारी यांची २८ मार्च १९४७ रोजी हत्या झाली व त्यांच्यानंतर मायकेल जॉन यांनी तीन दशके संघटनेचे नेतृत्व केले. जमशेटपूरला एकच मालक, एकच कारखाना व कंपनीनेच वसविलेले गाव होते, त्यामुळे संघटना व कंपनी यांच्यात करारांची घडी बसू शकली. मुंबईत साठ-सत्तर गिरण्या, तितकेच मालक, खुले शहर व परस्परविरोधी पक्ष होते. तेथे करारापेक्षा संप व संपापेक्षा कायदा प्रभावी ठरला.

१९४६ चा कायदा : मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ अन्वये एका शहरातील एका उद्योगात ठराविक प्रमाणात सभासद असलेली एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना मालकांशी बोलणी करू शकेल, असे ठरले. हे स्थान काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाले. गं. द. आंबेकर हे त्याचे प्रमुख नेते होत. एक उद्योग, एक संघटना हे तत्त्व मुळात वाईट नव्हते. परंतु प्रातिनिधिकत्व गुप्त मतदानाने नव्हे, तर वर्गणीच्या नोंदवहीवरून ठरत असल्यामुळे कामगार ज्या संघटनेच्या हाकेला ओ देतात ती व कायद्याने मान्य असलेली, या दोन वेगळ्या राहिल्या. १९५० मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनसासाठी केलेला संप ६३ दिवस चालला, तरी मान्यतेचे चित्र पालटले नाही. १९५९ मध्ये कम्युनिस्ट व इतर डाव्या गटांनी एकत्र येऊन मुंबई गिरणी कामगार युनियन नव्याने उभी केली. एस. जी. पाटकर, गुलाबराव गणाचार्य प्रभृतींनी तिचे काम सांभाळले. तत्पूर्वीच संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गिरणगाव आघाडीवर होते. अमर शेख, अण्णाभाऊ साठे व गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने पोवाडा, लावणी व लोकनाट्य हे प्रकार कामगार मैदानांपर्यंत आणले. १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला व पोटनिवडणुकीत शिवसेना विजयी झाली. युनियनचा वस्तीवरील प्रभाव ओसरू लागल्याचे ते एक चिन्ह होते.

मराठवाड्यात ही परंपरा उशिरा पोहोचली. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १८८९ पासून कापड गिरणी होती. परंतु निजामी राज्यात कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता १९४० नंतरच्या काळात मिळाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (स्थापना १९६२) चिकलठाणा व नंतर वाळूज येथे वसाहती उभारल्यावर तेथे अभियांत्रिकी कारखान्यांतील नवा कामगार तयार झाला. त्याला १९४६ चा कायदा नव्हे, तर कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध अधिनियम, १९७१ लागू झाला. त्यात मान्यतेसाठी किमान तीस टक्के सभासदत्वाची अट होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने वाटाघाटींच्या एकमेव संघटनेसाठी एक्कावन्न टक्क्यांची अट घातली. संघटनेचे खरे बळ कसे मोजावे, हा मुंबईत १९४६ पासून पडलेला पेच असा राज्याच्या इतर भागांतही गेला.

१९८२ चा संप व नंतर : १९७४ मध्ये डांगे यांच्या नेतृत्वाखाली ४२ दिवसांचा संप झाला. त्यातून फारसे हाती न लागल्यामुळे कामगार लाल बावट्यापासूनही दूर गेले. १९८१ मध्ये बोनसाच्या प्रश्नावर असंतुष्ट झालेले काही गिरण्यांतील कामगार डॉ. दत्ता सामंत (२१ नोव्हेंबर १९३२ – १६ जानेवारी १९९७) यांच्याकडे गेले. घाटकोपर येथे डॉक्टरकी करताना दगडखाणीतील मजुरांच्या प्रश्नांतून ते या क्षेत्रात आले होते व अभियांत्रिकी कारखान्यांत त्यांनी मोठ्या पगारवाढी मिळवून दिल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे साठ गिरण्यांतील अडीच लाखांच्या आसपास कामगारांनी संप केला. पगारवाढीइतकीच १९४६ चा कायदा रद्द करावा ही त्यांची मागणी होती. गिरणी कामगार युनियनने संपाला पाठिंबा दिला, पण सूत्रे तिच्या हाती नव्हती. १९२८ प्रमाणे याही वेळी कामगार गावी गेले, खाणावळवाल्यांनी उधारी सोसली. मात्र यंत्रमागांवर कापड स्वस्तात विणून घेता येते व गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन अधिक मोलाची आहे, हे मालकांना उमगलेले होते. त्यामुळे गिरण्या बंद राहण्यात त्यांना पूर्वीइतकी हानी नव्हती. संप औपचारिक रीत्या कधीच मागे घेण्यात आला नाही. हळूहळू काहीजण कामावर परतले व हजारोंची नोकरी कायमची गेली. १९८३ मध्ये सरकारने मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. १९८४ मध्ये सामंत लोकसभेवर निवडून आले. १९९७ मध्ये पवई येथे त्यांची हत्या झाली.

त्यानंतरचा लढा जमिनीचा होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी व उरलेला मालकांसाठी अशी वाटणी ठरविली. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली व २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने, दत्ता इस्वलकर यांच्या नेतृत्वाखाली व गिरणी कामगार युनियनसह इतर संघटनांनी, कामगारांना घरे मिळावीत म्हणून चळवळ चालविली. घरांसाठी दीड लाखाच्या जवळपास अर्ज आले. म्हाडाने पहिली सोडत २०१२ मध्ये काढली, तेव्हा त्यांतील अनेक अर्ज वारसांच्या नावे होते.